फाटकावरच्या चुंबळी

हे गंजलेलं फाटक आणि त्यावर इतक्या खाली अडकवलेल्या कापडाच्या चुंबळी बघून पाहुणे विचारतात, नवसाच्या आहेत का? नाहीत. माझी उमेदीची वर्षं नांदेडला ट्रक चालवण्यात गेली, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगतो. फोटो नंतर काढा.

पंजाबच्या सरहद्दीवरच्या आमच्या चक बेला गावातून पूर्वी पलीकडे पाकिस्तानात माल जायचा, तो हमालांच्या डोक्यावरून. फाटकातल्या या सरहद्दीच्या रेघेवर तिकडचा आणि इकडचा हमाल समोरासमोर उभे राहायचे आणि ओझं या डोक्यावरून त्या डोक्यावर जायचं. पाय रेघ ओलांडायचा नाही. ओझं जमिनीला टेकलं की जप्त.

लढाईच्या तोंडावर, फाळणीनंतरही तिकडेच राहिलेल्या एका शीख घरातली जसमेर कौर लग्न होऊन आमच्या गावात येत होती. ती रेघेच्या अलीकडे आली आणि फाटक बंद करायचा हुकूम सुटला. तिची पेटी मागे राहिली, तिकडच्या करमदीन हमालाच्या डोक्यावर. पेटीत आईने हाताने भरलेली फुलकारीची शाल होती. आई आता पुन्हा दिसायची नाही, हे पोरीला कळून चुकलं होतं.

शिपाई करमदीनला म्हणाले, पेटी ठेव आणि घरी जा. तो म्हणाला, "खाली ठेवली तर सरकारची. डोक्यावर आहे तोवर मुलीची."

समोर आमचा हमाल बग्गा सिंग रिकाम्या डोक्याने उभा. ऊन चढलं, कललं, दोघंही हलले नाहीत म्हणे.

संध्याकाळी, फाटक लावण्याआधी, दोन्हीकडचे झेंडे उतरू लागले. अशा वेळी शिपायाची नजर झेंड्यावर आणि हात कपाळाला. मान वळवायची सोय नाही. तेवढ्यात पेटी इकडे आली. शिपायांनी त्या दिवशी सलाम जरा लांबवला, असंही सांगतात. मला ते खरं वाटतं.

घरी पेटी उतरवली तर बग्ग्याच्या पगडीवर करमदीनची चुंबळ. बग्ग्याला फार वाईट वाटलं. "आता तो उघड्या डोक्यावर ओझं घेणार," म्हणाला, आणि सकाळी ती फाटकाला अडकवून आला. फाटक काही उघडलं नाही. कापड कुजलं, तेव्हा जसमेरने आपल्या ओढणीची नवी वळली.

आजही आमच्याकडे नवरीची पेटी जमिनीला टेकवत नाहीत. माहेरच्या माणसाच्या डोक्यावरून ती थेट सासरच्या माणसाच्या डोक्यावर जाते. मग पेटीखालची चुंबळ नवरी इथे आणून अडकवते, पलीकडून हात घातला तर पोचेल एवढ्याच उंचीवर. करमदीन बुटका होता म्हणे.