दोन फळ्यांची वाकळ

फार फार मागची गोष्ट, बरं का. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. थंडी तिथे अशी पडायची, की भांडायचं असलं तरी बायका आधी उन्हात येऊन बसत.

त्या गावची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली, की बाप आपल्या वितीच्या मापाची चौकोनी लाकडी फळी करून तिच्याबरोबर द्यायचा. जुन्या लुगड्यावर ती फळी ठेवायची, चारी बाजूंनी कोळशाने रेघ ओढायची, कापायचं, आणि तसे चौकोन जोडून वाकळ शिवायची.

एका घरात दोन जावा होत्या. सासू वर्षापूर्वी गेली होती आणि सासरा आता खाटेला खिळला होता. एक दिवस तो म्हणाला, "पोरींनो, तिच्या लुगड्यांची एक वाकळ शिवा. एकदा त्या वाकळेखाली निजू द्या मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोला, माया दोघींनाही होती. लुगडी निम्मी निम्मी घेतली आणि दोघींनी आपापल्या फळीने कापली.

जोडायला बसल्या, तर कोपऱ्याला कोपरा मिळेना. थोरलीचा प्रत्येक तुकडा जवभर मोठा.

"अक्का, तुमची फळी चुकलीय वाटतं," धाकटी म्हणाली.

"चुकेल कशी? माझ्या बापाचा हात आहे तो. तुझ्या बापाची वीतच आखूड, त्याला मी काय करू?"

"माझ्या बापावर जायचं काम नाही, सांगून ठेवते!"

आवाज ऐकून शेजारची म्हातारी आली. तिने दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले. "अगं, फळ्या दोन्ही चांगल्या. पण एका वाकळेला फळी एकच लागते. थोरले, मोठ्याचं लहान करता येतं, लहानाचं मोठं होत नाही. तुझे तुकडे छाट. भात शिजेपर्यंत होईल."

थोरलीला पटलं होतं. तिने कात्री उचललीसुद्धा. पण धाकटी गालात हसल्यासारखी वाटली, आणि कात्री तशीच खाली आली.

"बापाचं माप मी छाटायची नाही," ती म्हणाली.

"मग तुमचंच माप खरं. जोडा तुम्हीच," म्हणून धाकटी उठली.

थोरली एकटीच बसली. लहान तुकडा ओढून मोठ्याला लावायची. कापड जुनं, टाक्यापाशी फाटायचं. मधेच फुगवटा यायचा. उसवायची, पुन्हा शिवायची. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला.

रोज दिवस मावळताना सासरा विचारायचा, "झाली का गं?"

"होतेय, मामंजी."

एका संध्याकाळी त्याने विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरलीने शिवलेलं उसवलं, कात्री घेतली आणि आपले सगळे तुकडे भराभर छाटले. धाकटी सुई-दोरा घेऊन समोर येऊन बसली. आता कोपऱ्याला कोपरा लागत होता. तीन दिवस दोघींनी मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी, दोरा लोंबत असतानाच, दोघी वाकळ घेऊन धावल्या. सासरा शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या घोंगडीखाली निजला होता.

"मामंजी, झाली बघा! कोपरा न् कोपरा मिळालाय."

थोरलीने पायांवर वाकळ पसरली. पाय केव्हाच गार पडले होते.

ती वाकळ पुढे त्या घरात कुणी अंगावर घेतली नाही. कडाक्याच्या थंडीतसुद्धा नाही.

आपलंच माप खरं करत बसणाऱ्याला शहाणपण सुचतं, तेव्हा ज्याच्यासाठी काम काढलं तोच उरलेला नसतो.