राणीच्या परसातला बदाम

एका राज्यात, जिथं डोंगरांवर बर्फ पडे आणि पाखरं माणसांशी नीट बोलत, नीलकेतू नावाचा राजा होता. मनाचा मोठा, पण विसरभोळा. कालांजन मांत्रिकाला त्यानं बदामाचं एक रोप कबूल केलं आणि साफ विसरला.

कालांजन म्हणाला, "शब्द विसरलास, आता माणसंही विसर. दर पौर्णिमेला एक. तुझ्या परसात बदाम पिकेल, त्याचा पहिला दाणा खाशील, तेव्हाच सुटशील."

राणी मृणालवतीनं त्याच दिवशी परसात बदामाची बी पुरली. बी उगवेना. कुंपणावरची साळुंकी म्हणाली, "आधी हिला थंडी दाखव." राणी डोंगरावर गेली, ओल्या वाळूत बी घालून बर्फाखाली ठेवली. दोन महिन्यांनी कोंब आला, तेव्हा ती परत आणून परसात लावली.

मग राणीची माया उतू जाऊ लागली. दिवसातून तीनदा पाणी! रोप पिवळं पडलं. साळुंकी म्हणाली, "मुळं कुजतील, बाई. हात आवर." राणीनं हात आवरला. पाणी घालण्यापेक्षा ते कितीतरी अवघड होतं. तरी पहाटे ती अनवाणीच रोपाशी जाई, आणि राजा रोज बजावी, "दवात अनवाणी फिरू नकोस."

चार वर्षं सरली. राजा भावाला विसरला, प्रधानाला विसरला, अख्खा दरबार त्याला परका झाला. आठवत होती एकटी राणी. माघात झाड फुलांनी डवरलं, पण फळ एक धरेना.

"एकट्या बदामाला फळ नाही," साळुंकी म्हणाली. "दुसरं झाड कालांजनाच्या दारात आहे. तेही एकटंच."

राणी फुललेली फांदी घेऊन मांत्रिकाकडे गेली. "महाराजांचा शब्द आणलाय. उशीर झाला, पदरात घ्या."

कालांजन दारातल्या आपल्या झाडाकडे वळला. "बारा वर्षं नुसती फुलं झेलली मी," तो म्हणाला, आणि त्याची एक फुललेली फांदी तोडून त्यानं तिला दिली.

राणीनं ती पाण्याच्या घागरीत ठेवून घागर झाडाला टांगली. पुढचं मधमाश्यांनी केलं. फळं धरली, पण बदाम पिकायला भाद्रपद उजाडतो, आणि फाल्गुनी पौर्णिमा दारात आली होती.

पौर्णिमेच्या दुसऱ्या सकाळी राजानं राणीला विचारलं, "बाई, आपण कोण?"

"परसात काम करते, महाराज." एवढं बोलून राणी झाडाकडे गेली आणि पोटभर रडली. पुढं सहा महिने ती त्याची माळीणबाई होती.

भाद्रपदात पहिली साल उकलली. राणीनं दाणा रात्रभर भिजवला, सकाळी सोलून राजाच्या हातावर ठेवला. राजानं सावकाश चावून खाल्ला. मग त्याची नजर तिच्या ओल्या पावलांवर गेली.

"मृणाल," तो म्हणाला, "दवात अनवाणी फिरू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं तुला?"

त्या दिवशी भाऊ भावाला भेटला, दरबार भरला. कालांजनाला टोपलीभर बदाम गेले आणि सोबत एक रोप. ते राजानं स्वतः, आठवणीनं, डोक्यावरून नेलं.