धुराची हाक

या, सावलीला या. सामान ठेवा तिथंच, इथं कुणी हात लावत नाही. फक्त त्या उंचवट्यावर बॅगा ठेवू नका. हो, तोच, राखाडी मातीचा, कडेनं दगड लावलेला. दिसायला नुसता ढीग आहे, पण विद्यापीठातली मोठमोठी माणसंसुद्धा त्याला वळसा घालून गाडी नेतात. आम्ही त्याला विझवणी म्हणतो. वसतिगृहात राहायला आलेल्या नव्या पोरांना आधी इथं बसवायचं, विझवणीची गोष्ट सांगायची आणि मगच वर सोडायचं, असा इथला रिवाज आहे. पूर्वी माझे सासरे सांगायचे, आता मी सांगते. मला सगळे हौसामावशी म्हणतात. ही आमची कुंभारआळी, आणि ते कोपऱ्यावरचं घर माझं. आईवडीलही बसले तरी चालेल. मोबाइल तेवढे खिशात जाऊ द्या.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. वर इतिहास शिकवणारे आहेत, त्यांनाही ठाऊक नाही. तेव्हा या टेकडीवर विद्यापीठ नव्हतं, पाठशाळा होती, असं सांगतात. लांबलांबून तरुण मुलं शिकायला यायची. शास्त्रीबुवा म्हणून मोठे विद्वान होते, ते शिकवायचे. वर पाठ चालायचा, खाली आमची चाकं फिरायची. सोवळ्याओवळ्याचे दिवस होते ते, झाकून कशाला ठेवू? वरच्या मुलांनी आळीत उतरायचं नाही आणि आळीतल्यांनी अर्ध्या टेकडीच्या वर चढायचं नाही, असा दंडक होता. आळीच्या घागरी अर्ध्या वाटेवर ठेवल्या जायच्या, त्यांच्या बदल्यात वरून धान्य यायचं, तेही तिथंच ठेवलं जायचं. एकमेकांचं तोंड बघायची वेळच यायची नाही. वरची पोरं म्हणायची, ह्या कुंभारांची गाढवं आम्हाला झोपू देत नाहीत. खालची माणसं म्हणायची, ही पोरं पहाटेपासून घोकतात, आम्हाला झोपू देत नाहीत. एवढीच काय ती ओळख.

एका पावसाळ्यात मोठं वादळ झालं आणि पाठशाळेचं गवताचं छप्पर उडालं. मुलं भिजत बसली, पोथ्या पोटाशी धरून. आळीनं ते खालून पाहिलं. वाईट वाटलं असेल, नाही असं नाही. पण वर कुणी गेलं नाही. मुलांनी आपले आपण बांबूचे तट्टे विणले आणि कसंबसं छप्पर घातलं.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही हकिगत. आळीचा आवा तोवर नदीकाठी, पार त्या वळणापलीकडे लागायचा. आवा म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना सांगायला हवं. कच्ची मडकी एकावर एक रचायची, मधे गोवऱ्या, वर पाचट, त्यावर राख आणि मातीचा लेप, आणि आतून पेटवून द्यायचं. मडकी आत हळूहळू भाजतात. सगळ्या आळीचा मिळून एक मोठा आवा असायचा. खोऱ्यातल्या गावागावांना माठ, रांजण, घागरी त्यातूनच जायच्या, आणि त्या गावांकडून आलेल्या धान्यावर आळीचा पावसाळा निघायचा. त्या वर्षी नदीनं काठ खाल्ला होता, म्हणून आवा टेकडीच्या पायथ्याशी, बरोबर इथं रचला. शेजारी राहीबाई नावाच्या एकट्या म्हातारीचं घर होतं. आवा लावला, आणि सगळी आळी देवळाशी जेवायला बसली.

इकडं दिवस कलता कलता वरची मुलं नदीवरून परत निघाली होती. प्रत्येकाच्या खांद्यावर भरलेली घागर. त्यात भानुदास नावाचा एक मुलगा होता, नुकताच आलेला. मुकाट मुलगा, कुणाशी फार बोलायचा नाही. त्याला वाटेच्या वळणावरून दिसलं की खाली एका घरावर धूर उठलाय आणि जाळ दिसतोय. तो ओरडला, "आग! घर पेटलंय!" आणि दंडक नाही, सोवळं नाही, काही न बघता घागरीसकट खाली पळत सुटला. त्याच्यामागून सगळे. धापा टाकत आले, धुरात घर कुठलं आणि आवा कुठला ते कळेना, म्हणून जिथं जाळ दिसला तिथं, आव्यावर, घागरीमागून घागर ओतली. आतून मडकी फुटल्याचे आवाज येत होते. पोरांना वाटलं, घराची लाकडं तडकतायत. त्यांनी आणखी पाणी आणलं.

आळी धावत आली तेव्हा आवा थंड पडला होता. सगळी पोरं चिखलानं भरलेली, तोंडं काळी, आणि हसतमुखानं उभी! घर वाचवलं म्हणून कुणीतरी शाबास म्हणेल, याची वाट बघत होती बिचारी.

मला हे सांगताना दर वर्षी हसू येतं आणि दर वर्षी वाईटही वाटतं.

आळीला ते खरं वाटणार कसं? वर्षाची मेहनत मातीत गेली होती. धुराचा त्रास होतो म्हणून मुद्दाम विझवला, असं ज्याला त्याला वाटलं. येसबा म्हणून आळीचा म्होरक्या होता, तापट गडी. त्यानं शास्त्रीबुवांना निरोप धाडला, "ज्यानं हाळी दिली त्याला टेकडीवरून घालवा. नाहीतर आम्ही गाढवं लादतो आन् जातो. मग मडकी आणा कुठनं आणायची ती." शास्त्रीबुवांनी रात्रभर विचार केला म्हणे. दंडक तर मोडला होताच. सकाळी त्यांनी भानुदासला बोलावलं आणि जायला सांगितलं.

भानुदासनं आपलं बोचकं बांधलं. पण सरळ रस्त्याला न लागता तो आधी इथं आला. राहीबाई विझलेल्या आव्यातून खापरं वेचत बसली होती, एखादं तरी धड निघतंय का बघत. तो लांब उभा राहून म्हणाला, "आई, मी जातोय. चूक माझी आहे. बाकीच्यांना बोल लावू नका."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "का वरडलास रं? आवा कधी बगितला नव्हतास?"

"नव्हता. मला वाटलं, घर जळतंय."

"कुनाचं का जळंना. तुला काय त्याचं?"

त्यानं बोचकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमचं असंच जळालं होतं. आई आत होती. मी ओरडलो, पण गावातून कुणी आलं नाही. सगळे आपापल्या दारात उभे राहून बघत होते."

राहीबाईच्या हातातलं खापर हातातच राहिलं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली. मग विचारलं, "आता कुठं जानार?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

सांगतात की राहीबाई तशीच उठली. राखेनं माखलेल्या हातानं तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत देवळाशी नेलं. तिथं येसबा आणि आळीतली माणसं बसली होती. राहीबाई आयुष्यात कधी चारचौघांत बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"येसबा, ह्यो माज्या घरावर धूर बगून पळत आला. मी ह्याची कोन? आन् मागल्या पावसाळ्यात वरचं छप्पर उडालं, तवा आपुन काय केलं? मी माज्या दारातनं बगितलं. तू तुज्या दारातनं. पोरं भिजत होती आन् आपुन भाकरी खात होतो. माज्यासाठी धावलेल्या मानसाला मी गावाभाईर काढू? मला न्हाई जमायचं. त्यो गेला तर त्याच्यासंगं मी जाते."

 येसबाची मान खाली गेली. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्याला. पर म्हातारे, आवा कुठनं आणायचा? पाऊस दाराशी आलाय."

ही बातमी टेकडीवर पोचली आणि त्या दिवशी पहिल्यांदा शास्त्रीबुवा अर्ध्या वाटेच्या खाली उतरले. दगडासारखे ताठ गृहस्थ, पण येसबापुढं हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "चूक झाली. मुलाला घालवायला निघालो ती माझी, आणि इतकी वर्षं शेजारी राहून तुम्ही काय करता ते विचारलं नाही, तीही माझीच. माती आम्ही तुडवू. चाक तुम्ही फिरवा."

झालं! पाठ बंद. वरची सगळी पोरं धोतरं खोचून चिखलात उतरली. घसरली, पडली, एकमेकांना बघून हसली. आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग खाली उतरून दाखवायच्या, टाच अशी दाब, बोटं अशी फिरव. पोरं मातीत गाढवाची लीद कालवताना नाक मुरडायची, म्हणून येसबा मुद्दाम त्यांनाच कालवायला लावायचा. दुपारी भाकऱ्या आल्या. पहिल्या दिवशी पोरांनी लांब बसून आपापलं खाल्लं. मग कधीतरी भानुदासनं राहीबाईच्या हातची भाकरी घेतली, आणि त्यानंतर कोण कुठं बसलं हे कुणी बघितलं नाही.

नवा आवा लागला तो अगदी मृगाच्या तोंडावर. नेमकं त्याच दुपारी आभाळ भरून आलं. पेटलेला आवा थांबवता येत नाही. भिजला तर दुसऱ्यांदा सगळं जाणार, आणि तिसऱ्यांदा रचायला दिवसच उरले नव्हते. बाया देवाला हाका मारायला लागल्या. आणि मग, म्हणे, चमत्कार झाला. पाऊस चहूकडे कोसळला, नदी लाल झाली, पण आव्यावर थेंब पडला नाही. पाऊस आव्याभोवती फिरून निघून गेला.

माझे सासरे हे इथवर सांगायचे आणि हात जोडायचे. मीही जोडते. पण सासूबाई वेगळं सांगायच्या, आणि मला त्यांचं जास्त पटतं. त्या म्हणायच्या, आभाळ आलेलं बघून भानुदास टेकडीवर धावला. मुलांनी पाठशाळेच्या छपराचे तट्टे स्वतःच्या हातानं उचकटले, खाली आणले आणि पाऊस उघडेपर्यंत आव्याच्या चारी बाजूंनी डोक्यावर धरून उभी राहिली. वर पोथ्या एका कोपऱ्यात घोंगड्यांखाली झाकलेल्या, आणि खाली मुलांच्या पाठीवर पाऊस, तोंडावर आव्याची धग. आळीही त्यांच्यात जाऊन उभी राहिली. आता याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. शिकायलाच आलाय ना?

आवा उतरवला तेव्हा मडकी खणखणीत निघाली. त्यानंतर आळीनं पहिली कुठली गोष्ट घडवली असेल, तर पाठशाळेसाठी कौलं. येसबा स्वतः वर चढून छप्पर शाकारून आला. जुना विझलेला आवा मात्र राहीबाईनं हलवू दिला नाही. ती म्हणाली, राहू दे, पोरांना दिसत राहील. तीच ही विझवणी.

पुढं दर वर्षी आवा लावायच्या आधी राहीबाई इथं उभी राहायची आणि टेकडीकडे तोंड करून ओरडायची, "आवा लावतेय रं! पानी घिऊन पळत येऊ नका!" वरून पोरांचा हशा यायचा. भानुदास शिकला, तिथंच शिकवायला लागला, आणि शास्त्रीबुवांच्या माघारी पाठशाळा त्याच्याकडे आली. केस पांढरे व्हायला लागले तरी राहीबाईला तो "भान्या"च होता. सणावाराला तिच्याकडे जेवायला यायचा. तिला दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं.

राहीबाई गेली ती ऐन उन्हाळ्यात. अग्नी भानुदासनं दिला. कुणी हरकत घेतली नाही. काही दिवसांनी आवा रचून तयार झाला. सगळी आळी जमली, पण काडी कुणी लावेना. हाक कोण देणार? तिच्या जागी उभं राहायचा कुणाला धीर होईना. येसबा थकला होता, तो बसल्या जागी डोळे पुसत होता. ऊन उतरलं, माणसं हळूहळू घराकडे वळायला लागली. आणि तेवढ्यात टेकडीच्या कडेवरून आवाज आला. भानुदास उभा होता, त्याच्यामागं सगळी पोरं. तो जीव खाऊन ओरडला, "राहीआई! धूर दिसत नाही गं!"

असं सांगतात की सगळी आळी तेव्हा मोठ्यानं रडली. मग येसबा काठी टेकत उठला आणि त्यानं खालून उत्तर दिलं, "आहोत रं बाबा! आहोत!" आणि काडी लावली.

आजही आमची आळी आपणहून आवा लावत नाही. आता चाकं मोजक्या घरांत उरलीत, पण आवा लागतो. सगळं रचून झालं की आम्ही थांबतो. वरून त्या वर्षीची नवी पोरं टेकडीच्या कडेला येतात आणि ओरडतात, "धूर दिसत नाही!" इथून आम्ही म्हणतो, "आहोत!" मगच काडी लागते. यंदा तुम्ही ओरडायचंय. लाजू नका, गळा मोकळा सोडा. वाढदिवसाला कसे ओरडता, तसं. आणि हो, तुमचा कसला गाण्याबिण्याचा कार्यक्रम असला तर आदल्या दिवशी कुणीतरी खाली सांगून जातं. आम्ही नाही म्हणत नाही. उलट वाट बघतो.

तुम्हाला वाटेल, म्हातारीनं पाठ केलेली गोष्ट सांगितली. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. माझ्याकडे अजून पाणी तापवायचा बंब आहे, मी रोज सकाळी पेटवते. मागच्या थंडीत ताप भरला आणि उठताच येईना. घरात मी एकटी. मुलगा तिकडं नाशिकला. हाक मारायचीही ताकद नव्हती, आणि खरं सांगते, मी घाबरले होते. तर दार वाजलं. वरची एक मुलगी, दीक्षा नाव तिचं, लांब गोंदियाकडची. केस ओले, खांद्याला पुस्तकांची पिशवी. कॉलेजला निघाली होती. दारातून म्हणाली, "मावशी, आज बंबाचा धूर नाही दिसला." मला रडूच आलं. कॉलेज बुडवून दिवसभर बसली पोरगी माझ्या उशाशी. पेज केली, जरा खारट झाली होती. मी सगळी प्यायले.

चला, उठा आता, वर जेवणाची घंटा होईल. पण जायच्या आधी एकेकानं आपली खोली सांगायची. कितवा मजला, कुठली खिडकी. आमच्या आळीत दिवेलागणीला सगळेजण एकदा वर नजर टाकतात. ए बाळा, तू मघापासून आईचा हात धरून बसलायस, तुझी खिडकी कुठली? आई निघून गेल्यावर कुठला दिवा बघायचा, ते मला कळायला नको का?