करंजाच्या पोटातलं

फार पूर्वी एका नगरात भडभुंज्यांची गल्ली होती. दिवसभर भट्ट्या पेटलेल्या, चणे-फुटाणे भाजणं चालू, आणि धूर गल्ली सोडायचा नाही. तिथेच एका बाईच्या खिडकीला लागून मोठा करंज होता. बाईच्या तान्ह्या लेकीला धाप लागायची. पोरीची छाती उडायला लागली की बाईचा जीव टांगणीला.

शेजारीण म्हणाली, "अगं, झाडं रात्री वाईट हवा सोडतात. खिडकीशी एवढं झाड, मग पोर आजारी पडेल नाहीतर काय!"

वैद्यबुवा म्हणाले, "दिवसा तीच हवा झाड खातं. कर्बवायू म्हणतात तिला. रात्री सोडतं ते चिमूटभर. तुझा नवरा त्याहून जास्त सोडतो, त्याला काढतेस का बाहेर?"

बाई हसली, पण गोंधळ तसाच. खातंही आणि सोडतंही? मग ते आपलं की वैरी? ऐकावं कुणाचं? आणि चुकलं तर भोगणार ती एवढीशी पोर!

शेवटी भीतीने शेजारणीचं ऐकलं. गल्लीतला भडभुंजा कुऱ्हाड घेऊन हजरच. "लाकूड मला, वारा तुम्हाला, वहिनी!"

दुपारपर्यंत अर्धा करंज खाली आला. ओल्या फांद्या तशाच भट्टीत गेल्या. असा धूर कोंडला की पोरीचे ओठ निळे पडले. बाई तिला उचलून वैद्यबुवांच्या अंगणात धावली. मोकळ्या हवेत श्वास हळूहळू ठिकाणावर आला.

"बुवा, झाड तर तोडलं, मग असं कसं?"

"कर्बवायू खाऊन झाडाने त्याचंच लाकूड केलं होतं. इतकी वर्षं पोटात धरलेलं तुम्ही एका दुपारी पेटवलंत. वर ओल्या लाकडाचा धूर. आणि काजळी अडवणारी पानंही गेली."

बाई परतली तर भडभुंजा बुंध्यावर घाव घालणार, इतक्यात ती आडवी उभी राहिली.

"वहिनी, सकाळी म्हणालात तोडा, आता म्हणता नको! एकदा काय ते ठरवा."

"मला अजून नीट कळलेलं नाही, भाऊजी. म्हणूनच नको. आधी तुमच्या भट्टीचं धुराडं उंच करा."

तो कुरकुरला, पण पोरीकडे बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

धुराडं आठ दिवसांत उंच झालं. करंजाची तोडलेली बाजू पुन्हा भरायला मात्र चार वर्षं लागली. तोवर बाई काजळी अडवायला रोज खिडकीला ओलं फडकं बांधत राहिली.

तात्पर्य: मनात गोंधळ असेल तर आणखी दहा जणांना विचारा, पण कुऱ्हाडीला बोलावू नका.