बत्ताशाची पंगत

बुधवार होता. गजरा कोकराच्या खुरातला काटा काढत बसली होती, तेवढ्यात गडावरचा शिपाई कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"येसू धनगराची लेक तूच का?"

"मीच. काय झालं?"

"तुझ्या बापाला बेड्या पडल्या."

गजराने आधी काटा काढला, कोकरू सोडलं, मग विचारलं, "कशापायी?"

"महाराजांचा कुत्रा जिन्यात बसला. उठेचना!"

येसू गडावर रायाजीराजांच्या कुत्र्याची निगा राखायचा. कुत्रा पांढराशुभ्र, म्हणून नाव बत्ताशा. राणीसाहेबांचा फार लाडका. माघात राणीसाहेब गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बत्ताशाच्या ताटात काही कमी करू नका." राजे शब्दाचे पक्के. तेव्हापासून बत्ताशासमोर चांदीचं ताट येऊ लागलं. बासुंदी, जिलेबी, कांदाभजी, तुपात न्हालेला शिरा आणि वर बेदाणे पेरलेला केशरी भात. राजे स्वतः मात्र दोन घास खाऊन उठायचे. कुत्रा फुगत गेला, राजे वाळत गेले.

राजपुरोहितांनी एक उपाय करून पाहिला होता. त्यांनी बत्ताशाला एकादशी धरायला लावली. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू. द्वादशीला कुत्र्याचा पट्टा बदलावा लागला.

येसू एकदाच बोलला होता, "महाराज, हे कुत्र्याचं खाणं नव्हे." ते बोलणं राजांच्या मनात राहिलं होतं. कुत्रा जिन्यात बसला, आणि ते बाहेर आलं.

गजरा गड चढून थेट दरबारात गेली.

"महाराज, माझ्या आबांना सोडा."

"सोडू की!" राजे म्हणाले. "दसऱ्याला बत्ताशा गडाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढला, तर सोडू. नाही चढला, तर तुझा बाप जन्मभर कोठडीत. आणि बत्ताशाच्या ताटातला एकही पदार्थ कमी करायचा नाही!"

"म्हणजे कुत्रा बारीक करायचा, जेवण नाही," पुरोहितांनी समजावून सांगितलं.

"कळलं मला, काका. मी ताटाला हात लावणार नाही. फक्त एक सांगा महाराज, राणीसाहेब होत्या तेव्हा बत्ताशा एकटा जेवायचा का?"

"नाही. आमच्या पंगतीला बसायचा."

"मग आताही बसवा."

"एवढंच?"

"एवढंच. पण पंगतीत एकाला एक वाढलं आणि दुसऱ्याला दुसरं, तर काय होतं?"

"पंक्तिप्रपंच! महापाप!" पुरोहित सवयीने गरजले. मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"आणि पानात टाकलं तर?"

"तेही पापच," पुरोहित खालच्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राजांसमोर चांदीचं ताट आलं. शेजारी बत्ताशाचं. दोन्हींत सारखं, तेवढंच. बत्ताशाने आपलं ताट चाटून पुसून साफ केलं आणि तो राजांकडे बघत बसला. राजांनी जिलेबी संपवली. बासुंदी संपवली. शिऱ्यापाशी त्यांना घाम फुटला.

"पुरे!"

"पानात टाकणार, महाराज?" गजराने विचारलं.

राजांनी शिरा खाल्ला.

तिसऱ्या दिवशी राजांना पाटावरून उठवायला दोन माणसं लागली. चौथ्या दिवशी ताट बघूनच ते ओरडले, "हे खाणं आहे की शिक्षा? बंद करा सगळं!"

"कुणाच्या ताटातलं, महाराज?"

राजांनी बत्ताशाकडे पाहिलं. बत्ताशा धापा टाकत होता. राजेही टाकत होते.

"दोघांच्याही!"

"जशी आज्ञा. मी तर ताटाला हातही लावला नाही."

"मग आता वाढणार काय?"

"उकडलेलं मटण, हाडं काढून. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची. वाफवलेला लाल भोपळा, वर चमचाभर दही. सकाळी एकदा, सांजेला एकदा, आणि दोन्ही वेळा मापात. कांदा नाही, बेदाणे नाहीत, ते कुत्र्याला बाधतात. साखर नाही, मीठ नाही."

"मीठ नाही? आम्हालाही?"

गजरा पुरोहितांकडे वळली. पुरोहितांनी छताकडे पाहिलं.

"पंगत एकच आहे, महाराज," ती म्हणाली.

राजांनी अळणी जेवण जेवायला सुरुवात केली. पहिले चार दिवस शिव्या देत, मग गुमान, मग भूक लागली म्हणून. जेवण झालं की गजरा बत्ताशाला तटावर फिरवायची. पंगतीतल्या सोबत्याला एकटं धाडणं बरं दिसेना, म्हणून राजेही मागून चालायचे. बत्ताशाच्या फासळ्या हाताला लागू लागल्या. राजांच्या गालांवर मांस दिसू लागलं.

दसऱ्याला बत्ताशा गडाच्या पायऱ्या चढला. मध्ये एकदा थांबला, पण तो राजांसाठी. राजे दमले होते.

वर पोचल्यावर राजे म्हणाले, "पोरी, बाप सुटला तुझा. पण आमचा शब्द मोडला. जिलेबी बंद झाली."

"महाराज, राणीसाहेबांच्या हातचं बत्ताशा काय खायचा?"

"भाकरी," राजे म्हणाले. "त्या स्वतः कुस्करून द्यायच्या. वर थोडं दही."

"मग कमी काय झालं? त्या म्हणाल्या, कमी करू नका. वाढवा म्हणून कुठं म्हणाल्या होत्या?"

राजांनी खाली वाकून बत्ताशाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हे तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"उपाशी माणसाला समजावता येत नाही, महाराज. आधी जेवू घालावं लागतं!"

राजे हसले. इतके मोठ्याने हसले, की पहारेकरी भाला घेऊन धावत आला! माघानंतर गडावर कुणी असं हसलं नव्हतं, त्यामुळे काय झालं ते त्याला कळेना. राजांनी येसूच्या बेड्या आपल्या हाताने काढल्या आणि गडाखालचं सगळं कुरण गजराच्या मेंढरांना कायमचं दिलं. पुरोहितांना त्या दिवशी पंगतीला बसवलं. मिठाचं त्यांनी विचारलं नाही.

त्या पंगतीत राजांच्या उजव्या हाताला राणीसाहेबांचा पाट रोजच्यासारखा मांडलेला होता. तो उचलायला कुणी सांगितलं नाही, आणि कुणी उचललाही नाही.