चूक झाली असल्यास

"बाबा, माफी मागायची तर ती किती ओळींत बसवावी?"

"कागद केवढा आहे?"

"वीतभर."

"मग कागदालाच विचार."

विचारणारे सरपंच रंगराव नलवडे होते. उत्तर देणारे नूरबाबा. गावाबाहेरच्या आपल्या तकियात, म्हणजे फकिराच्या झोपडीवजा ठिकाणी, चिंचेखाली बसून हा म्हातारा फकीर तुटलेली चप्पल शिवत होता.

रंगराव हसले. बाबा हसले नाहीत. मग रंगरावही थांबले.

मतदानाला आठ दिवस राहिले होते. पाच वर्षं सरपंचपद भोगून रंगराव पुन्हा उभे होते. विरोधक कोपऱ्याकोपऱ्यावर एकच गोष्ट काढत होते. दोन वर्षांपूर्वीचं पाणी. त्या पाण्याने साठ माणसं आजारी पडली होती आणि ठकूबाई सुईण गेली होती.

लहानपणी रंगराव आईबरोबर इथे यायचे. पोहायला आपण ओढ्यात शिकलो आणि खरं बोलायला नूरबाबांकडे, असं ते प्रत्येक भाषणात सांगत.

रस्त्याच्या कडेला प्रचाराची जीप उभी होती. कर्णा बंद होता. प्रचाराचं सगळं पाहणारे पोतदार नाना आत घड्याळ बघत बसले होते. पत्रक चारच्या आत छापखान्यात पोचवायचं होतं.

"वाच," बाबा म्हणाले. "मला दिसत नाही."

"चप्पल शिवायला दिसतं की."

"चप्पल हाताला दिसते. तुझं पत्रक कशाला दिसायचं? वाच."

रंगरावांनी घसा साफ केला आणि सभेत वाचतात तसं वाचलं.

"'माझ्या मायबाप मतदारांनो, गेल्या पाच वर्षांत आमच्याकडून काही चूक झाली असल्यास मोठ्या मनाने क्षमा असावी.'"

"असल्यास?"

"अं?"

"झाली का नाही झाली, अजून ठरलं नाही?"

"तसं नाही, बाबा. बोलायची एक पद्धत असते."

"पद्धत नानाला चांगली येते. मग माझ्याकडं कशाला आलास?"

रंगरावांनी खिशातलं पेन काढलं. गुडघ्यावर कागद ठेवून 'असल्यास' खोडलं. वर 'आहे' लिहिलं.

"'आमच्याकडून काही चूक झाली आहे.'"

"आमच्याकडून म्हणजे? किती जण होता?"

"तसा... मी होतो."

"बाकीचे मेंबर?"

"ते सह्या करायला होते."

बाबांच्या मिशीत काहीतरी हललं. रंगरावांनी 'आमच्याकडून' खोडलं आणि 'माझ्याकडून' लिहिलं.

"काही म्हणजे किती?"

"एक." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "एक मोठी."

'काही' खोडलं.

"'माझ्याकडून एक मोठी चूक झाली आहे.'"

"झाली." बाबांनी दोरा दातांनी तोडला. "रात्री गारा पडल्या, तशी? तू आत झोपला होतास आणि ती अंगणात झाली?"



"सरपंच!" जीपमधून नाना ओरडले. "साडेतीन झाले! छापखानेवाला कुलूप लावून जाईल!"

"थांबा हो जरा!"

रंगराव इतक्या जोरात ओरडले की नानांनी काच वर केली.

त्यांनी सगळी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'मी चूक केली.'

मायन्याखाली आता तीनच शब्द धड उरले होते. त्यांच्या वरचं 'मायबाप मतदारांनो' कुणा दुसऱ्यानेच लिहिल्यासारखं दिसत होतं.

"आता बरोबर?" पाटी दाखवणाऱ्या मुलासारखं त्यांनी विचारलं.

"पत्रकाच्या तळाशी बारीक काहीतरी असतं. ते काय लिहिलंय?"

"ते होय? ते छापखानेवाले टाकतातच. चू. भू. द्या. घ्या."

"म्हणजे?"

"चूकभूल द्यावी घ्यावी. सगळ्याच कागदांवर असतं, बाबा. कोणी वाचत नाही."

बाबांचा हात पहिल्यांदाच थांबला.

"तू दिलीस. घेतली कोणी?"

रंगरावांनी पेनाचं टोपण लावलं. पुन्हा काढलं.

"ऊन आहे," बाबा म्हणाले. "पाणी पी."

त्यांनी माठातून तांब्या भरून पुढे ठेवला. रंगरावांचा हात सवयीने पिशवीत गेला आणि विकतच्या पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. झाकण अर्धं फिरवल्यावर आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं.

बाटली हातातच राहिली.

"नळाचं आहे," बाबा म्हणाले. "तुझ्याच टाकीतलं."

"हो."

"कधीपासून पीत नाहीस?"

"तेव्हापासून."

"घरातले?"

"घरीही जार येतो."

"आणि गाव?"

रंगरावांचे कान लाल झाले. बाटली कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. पिशवीत ठेवली तर लपवल्यासारखं झालं असतं आणि खाली ठेवली तर ती तांब्याशेजारी दिसली असती. त्यांनी ती मांडीआड धरली.



"ती चूक... लहूनं घेतली," रंगराव म्हणाले.

लहू गुरव ग्रामपंचायतीत पाणी सोडायच्या कामाला होता. ते बाबांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, "कोण लहू?"

"पाणी सोडणारा. बाबा, टाकी नवी होती, पण बरेच दिवस उघडी पडलेली. आत गाळ होता, कबुतरांची घाण होती. लहू म्हणाला, दोन दिवस द्या. टाकी धुतो, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकतो, मग सोडू. मी म्हटलं, उद्या उद्घाटनाला पाहुणे यायचेत, नळाला पाणी दिसलं पाहिजे. आजच सोड."

"मग?"

"तो म्हणाला, सरपंच, लोक पितील हो हे."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, सरपंच तू का मी?"

बाबांनी सुई पुन्हा चपलेत टोचली.

"त्यानं व्हॉल्व्ह उघडला. मी शेजारीच उभा होतो. नंतर चौकशीला साहेब आले, तेव्हा मी सांगितलं की लहूनं न विचारता उघडला."

"लहू काय बोलला?"

"माझ्याकडं बघितलं त्यानं. बोलला काहीच नाही."

"ठकूबाई?"

"गेली."

"तुझी नाळ तिनं कापली होती."

"माहीत आहे, बाबा."

"मला ते माहीत आहे, हे तुला माहीत नव्हतं. म्हणून सांगितलं. पुढं?"

"पुढं काय... लहूला काढलं. गावात पोरं त्याला जुलाब म्हणायला लागली. जुलाब आला, जुलाब गेला. शाळेत त्याच्या मुलीचं नाव हजेरीत आलं की वर्ग हसायचा. ती 'हजर' म्हणायची, पण तिचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. बाई पुन्हा नाव घ्यायच्या. पोरं पुन्हा हसायची. सातवीत तिनं शाळा सोडली."

"तू कुठं होतास हे बघायला?"

"माझी मुलगी त्याच वर्गात. तिनं घरी सांगितलं."

"ती हसायची?"

"सगळ्यांबरोबर... हो."

"आणि घरी सांगितलं तेव्हा?"

रंगराव खाली वाकून चपलेचा पट्टा ठीक करू लागले. तो ठीकच होता.

"आम्ही जेवत होतो," ते खाली बघतच म्हणाले. "ती नक्कल करून दाखवत होती. पोरगी उभी राहून कशी 'हजर' म्हणते ती. आणि मी... मीही हसलो, बाबा."

बाबांनी डोळे मिटले. उघडले तेव्हाही ते रंगरावांकडे बघत नव्हते.

जीपचा हॉर्न वाजला. एकदा. मग दुसऱ्यांदा वाजला नाही.

रंगरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. एवढं बोलून झाल्यावर त्यांना जरा मोकळं वाटलं असावं. पाठ ताठ झाली. आवाजही परत आला.

"हे सगळं मी सभेत सांगतो. जसंच्या तसं. चौकात, माइकवर. पत्रकच नको. असं उघड कोणी बोलतं का आजकाल? लोकांच्या काळजाला भिडेल बघा. नाना म्हणतातच, एकदा मान खाली घातली की लोक भरभरून..."

वाक्य तिथेच तुटलं.

आपण काय बोलत होतो, ते त्यांना स्वतःलाच ऐकू आलं होतं.

चप्पल उलटी करून बाबांनी टाके अंगठ्याने दाबून बघितले.

"लहू असतो कुठं आता?"

"सीमेपलीकडं. कर्नाटकात. कुठल्याशा कारखान्यावर पहारा करतो म्हणे. बायको-पोरगी तिथंच. इथल्या मतदार यादीतून त्याचं नाव गेलं..."

रंगराव थांबले.

"गेलं नाही. काढायला लावलं. मी लावलं."

बाबांनी आता पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"तिकडं तुझी मतं किती?"

"तिकडं? तिकडं कशी असतील, बाबा? एकही नाही."

बाबांनी शिवलेली चप्पल पायात घातली. जमिनीवर दोनदा पाय आपटून बघितला.

"मग पहिली सभा तिथं घे."