मुरलेले पाणी

एकदा एक शिष्य नदीला शिस्त लावायला निघाला. नुसता निघाला नाही, लावून मोकळाही झाला. गुरूंकडून पाण्याचे शास्त्र शिकून त्याने दोन्ही काठांना पुरुषभर उंचीचे बांध घातले. पूर गावाबाहेर राहिला. लोकांनी शाल-श्रीफळ दिले. एवढ्यावर माणूस फुगतो, हाही फुगला.

चौथ्या पावसाळ्यात भोईवाड्यातली ठकूबाई गुरूंच्या दारात आली. सात घरांच्या त्या वाड्यातली चार घरे मासेमारी सोडून परागंदा झाली होती. दिवाळीनंतर हिचे घरही जाणार होते. तिने माशांची पाटी गुरूंपुढे आपटली.

"म्हातारबा, नदी दुथडी वाहते आणि मासा हा असा! नुसता काटा. तुमच्या चेल्याने काय केलंय हे?"

"बाई, आता पाणी कुठे तुंबत नाही. सरळ जातं," शिष्य म्हणाला.

"जातंच ना! दारावरून वरात जावी तसं जातं. जेवायला कोण थांबतंय?"

गुरू खो-खो हसले. आणि दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन नदीवर गेले. नदीला लागून गुरूंची स्वतःची मळी होती, म्हणजे गाळाची सखल जमीन. तिथला बांध त्यांनी फोडला, त्यात फळ्यांचे दार बसवले आणि गावाच्या बाजूने मळीला दुसरा बांध घातला. मघा नक्षत्राचे पाणी चढताच फळ्या काढल्या. उभ्या गवतात गुडघाभर पूर शिरला. मग फळ्या पुन्हा लावून ते म्हणाले, "मी लेकीकडे जाऊन येतो. पाणी मुरू दे. मुरलं की सोड."

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसे विचारत नाहीत. दोन दिवस त्याने माती तपासली. जमीन पिऊन तृप्त झाली, आणखी थेंब घेईना. म्हणजे मुरले! त्याने दार उघडले. जसे आले होते तसेच पाणी परत गेले. ठकूबाईच्या लेकाने, म्हाकूने, दाराच्या तोंडाशी जाळे धरले होते. त्यात गवताच्या काड्या आल्या.

गुरू परतले तेव्हा ठकूबाई शिष्याची हजेरी घेतच होती. "दोन दिवसांत काय मुरतं हो? कैरी तरी मुरते का?"

"जमिनीत मुरायचं तेवढं मुरलं होतं!"

"जमिनीत नाही हो, शहाणे! पाणीच मुरायचं होतं. लोणच्यासारखं!"

शिष्याचा चेहरा पडला. गुरूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चूक माझी. शब्द सांगितला, अर्थ सांगायचा राहिला. अजून हस्ताचा पाऊस आहे."

"तो नाही चढला तर आम्ही चाललो," ठकूबाई म्हणाली. ही धमकी नव्हती. म्हाकूने गाडी सांगूनही ठेवली होती.

हस्त चढला. मळी पुन्हा भरली. शिष्य रोज सकाळी काठावर येऊन बसू लागला. आठवड्याने पाणी चहासारखे झाले. पंधराव्या दिवशी त्याला वास आला. आश्विनाच्या उन्हात त्यावर हिरवी साय धरली, तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"गुरुजी, नासलं हो पाणी!"

"ओंजळीत घे आणि उन्हात धर."

त्याने धरले. ओंजळीत तिळापेक्षा बारीक असंख्य कण होते. आणि ते उड्या मारत होते.

गुरू म्हणाले, "बांधांमधून पळणारं पाणी उपाशी असतं, बाळा. मळीवर ते पसरतं, उथळ होतं, ऊन खातं. बुडालेलं गवत कुजतं, शेवाळ धरतं, आणि त्यावर हे जीव पोसतात. या जीवांवर मासा, माशावर बगळा, पाणमांजर आणि ठकूबाई."

"मला बगळ्याशेजारी बसवलंत होय!" मागून आलेली ठकूबाई म्हणाली.

"बगळ्याची काही तक्रार नाही." गुरू शिष्याकडे वळले. "तुझा बांध खोटा नव्हता रे, गावाला तो हवाच. पण तू नदीला वाट ठेवलीस आणि तिची चूल काढून घेतलीस. थोडी जमीन, थोडे दिवस, एवढंच ती मागते. ते दिलं नाही तर वाहील, पण कुणाला पोसणार नाही."

विसाव्या दिवशी शिष्याने पहिली फळी काढली. तपकिरी पाण्याची जाड धार नदीत उतरली. घटकाभर काहीच झाले नाही. मग धारेच्या कडेने पाणी थरथरले. एक पाठ दिसली, मग दहा, मग मोजणे सुटले. खालून, वरून, पलीकडच्या डोहातून मासे येऊन धारेला तोंडे लावून उभे राहिले होते. म्हाकूने जाळे उचलले. ठकूबाईने त्याचे मनगट धरले.

"आज नाही. खाऊ दे त्यांना. अंगात भरू दे."

"आणि गाडी?"

"गाडीवाल्याला नाही म्हणून सांग. आणि येताना सूत आण. पुढल्या साली मोठ्या भोकांचं जाळं लागेल."

पलीकडच्या काठाला, त्यानेच घातलेल्या बांधाआड, शिष्याचे स्वतःचे सखल शेत होते. तिकडे बोट करून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तिथे दार किती रुंद ठेवू?"